सोसण्याचा आकडा

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक करडा माणूस राहतो. त्याला तोंड नाही, केस नाहीत, कपडे नाहीत. शिंप्यापुढं माप द्यायला उभं राहावं तसे दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरून तो ताठ उभा असतो. त्याच्या अंगाचे तुकडे पाडलेले आहेत. कपाळ, मान, खांदा, दंड, कोपर, मनगट, तळवा, मांडी, गुडघा. एकेका तुकड्यावर टिचकी मारली की शेजारी खिडकी उघडते आणि तिच्यात आकडा दिसतो. या जागी माणसाला किती दाब सोसतो, त्याचा तो आकडा. तेवढ्यापर्यंत यंत्रानं माणसाला दाबलं तर चालतं, त्यापुढं चालत नाही, असा त्याचा अर्थ.

त्या करड्या माणसाचा मला राग येतो. सकाळी मशीन चालू करताना येतो आणि संध्याकाळी बंद करताना येतो. तो कधी बसत नाही. आमच्या बायका स्टुलावरसुद्धा मांडी घालून बसतात, ते त्याला ठाऊक नाही. त्याच्या हातात बांगड्या नाहीत. पण खरा राग त्याचा नाही, हे मला कळतं. त्याच्या मनगटावरचा आकडा मी माझ्या हातानं भरला होता, आणि तो खोटा होता.

मी कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. फौंड्रीतून आलेले लोखंडाचे ओतीव भाग, त्यांना आम्ही कामं म्हणतो, आमच्याकडं मशीनवर कातले जातात. कातून झाली की कडेला लोखंडाचे बारीक काटे राहतात, त्याला आम्ही बर म्हणतो. ते बर कानशीनं घासून काढायचं काम नऊ बायका करतात. त्या नवांतल्या एक माझ्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. माहेर कोडोली, सासर आमचं हातकणंगल्याजवळचं गाव. मी सातवीत होतो तेव्हा त्या लग्न होऊन आल्या. माझा डबा, माझी कापडं, माझ्या परीक्षेच्या दिवशी हातावर ठेवायचं दही, सगळं त्यांनी निभावलं. मी शिकून या कारखान्यात लागलो तेव्हा त्या तिथं आधीच कामाला होत्या. वशिला लावला असेल तर तो त्यांनी माझ्यासाठी लावला, मी त्यांच्यासाठी नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं रोबोटचा हात आला. साधे रोबोट जाळीच्या पिंजऱ्यात असतात, माणसानं आत जायचं नसतं. हा तसा नव्हता. हा माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारा. ट्रेमधलं काम उचलायचं, बाईच्या पुढ्यात आणून धरायचं, तिनं एक बाजू घासली की फिरवायचं, मग पलीकडं नेऊन ठेवायचं. आधी ही सगळी उचलाउचल बायकाच करायच्या आणि संध्याकाळी एसटीत चढताना कंबर धरून चढायच्या. म्हणून हात आला ते बरंच झालं, हे मी आजही म्हणतो. बायकांनी त्याला नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पावणं म्हणायला लागल्या. पावणं आज सुस्त हाय, पावण्याला तेल लागतंय का बघा, असं चालायचं.

पावणं सुस्तच होतं. त्याच्याबरोबर जे आकडे आले होते ते कुठल्या तरी परदेशी प्रयोगशाळेत माणसांना दाबून काढलेले होते आणि त्यांत भरपूर सांभाळून घेतलेलं होतं. त्या आकड्यांवर हात चालवला की तो नव्या नवरीसारखा दबकत चालायचा. मॅनेजर वैतागले. पुण्याहून एक सल्लागार बोलावला. त्यानं सांगितलं की नियमात एक वाट आहे: तुमच्याच कामगारांची मापं घ्या, त्यांना किती दाब सोसतो ते मोजा, आणि आकडे वरचे आले तर हाताचा वेग वाढवता येईल. ही वाट खरंच नियमात होती का, हे मी तेव्हा तपासलं नाही. मॅनेजर एवढंच म्हणाले की आपली माणसं कणखर आहेत, आकडे वरचेच येणार. मलाही ते ऐकून बरं वाटलं. पुण्याच्या माणसापुढं कोल्हापूरचं नाक वर राहणार होतं ना. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मोजायचं यंत्र टॉर्चएवढं होतं. पुढं रुपयाच्या नाण्याएवढं रबरी टोक, वर आकड्यांची खिडकी. माणसाच्या अंगावर टोक टेकवायचं, हळूहळू दाब वाढवायचा आणि दुखायला लागलं की त्यानं बास म्हणायचं. म्हटलं की थांबायचं आणि आकडा लिहायचा. एवढं सोपं काम. पण दुखायला लागलं की माणूस बास म्हणतो, हे ज्यानं कुणी गृहीत धरलं त्यानं कोल्हापूर बघितलं नव्हतं.

आधी मेंटेनन्सच्या पोरांना बोलावलं. त्यांतले निम्मे सकाळी तालमीत जाणारे. पहिल्यानं दंड पुढं केला आणि दात दाखवत म्हणाला, दाब की. दाबलं. अजून दाब म्हणाला. दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा जास्त सोसून दाखवलं. मग तिसरा ईर्ष्येनं शर्ट काढूनच आला. कुणाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून बास यायचं नाही. अर्ध्या तासात तिथं कुस्तीचा फड झाला. आणि मी काय केलं? भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एकेकाचं नाव आणि पुढं त्याचा आकडा लिहीत गेलो, सगळ्यात वरच्या आकड्याभोवती गोल काढला आणि त्याला टाळ्या वाजवायला लावल्या. सल्लागारसुद्धा हसत होता. फार चांगला डेटा मिळतोय, म्हणाला.

त्यानंतर बायका आल्या. पदर खोचलेले, साडीवर कंपनीचे ढगळ शर्ट, हाताला लोखंडाची काळी भुकटी. त्यांनी फळ्यावरचे आकडे बघितले, गोल बघितला, कोपऱ्यात वही घेऊन उभा असलेला सुपरवायझर बघितला आणि गप्प झाल्या. त्यांची भीती जावी म्हणून मी मोठ्यानं म्हणालो की घाबरू नका, पाच मिनिटांची परीक्षा आहे.

परीक्षा. माझाच शब्द. परीक्षेत जास्त मार्क मिळवायचे असतात, एवढं कुणालाही कळतं. नापास झालं की घरी जावं लागतं, हेही कळतं. आणि घरी कुणालाच जायचं नव्हतं.

आठ बायका एकामागून एक आल्या आणि भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. एकीनंही बास म्हटलं नाही. त्यांच्या बाबतीत मीच कुठं तरी थांबत होतो, यंत्राची सीमा येत होती म्हणून किंवा माझाच हात दुखत होता म्हणून. सगळ्यात शेवटी वहिनी आल्या. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि उजवं मनगट पुढं केलं. सातवीपासून ज्या हातची भाकरी खाल्ली, त्यावर मी रबरी टोक टेकवलं आणि दाबत गेलो. आकडा वर चढत होता. त्यांचा दुसरा हात टेबलाच्या कडेला होता आणि त्या हाताची नखं पांढरी पडली होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"काय न्हाय हुईत," वहिनी म्हणाल्या. "दाबा की भावजी."

मी दाबलं. पांढरी नखं मला दिसली होती. मला आंधळेपणाची सबब नाही. दिसली आणि तरी मी आकडा लिहिला, कारण सल्लागार शेजारी उभा होता आणि माझ्या घरच्या माणसाचा आकडा सगळ्या बायकांत वरचा आला होता. मला चक्क अभिमान वाटला.

आठवड्याभरात ते आकडे करड्या माणसाच्या अंगावर चढले, मनगटावर वहिनींचाच, आणि पावण्याचा वेग वाढला. मॅनेजर खूश झाले. फाटकाच्या आत आमच्याकडं एक काळी पाटी आहे, अपघाताविना गेलेले दिवस म्हणून. रोज सकाळी वॉचमन तिच्यावर खडूनं एक आकडा वाढवून लिहितो. तो आकडा वाढत राहिला आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना मॅनेजर आधी ती पाटी दाखवत राहिले.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मी चहा पीत पडद्यासमोर बसलो होतो. पावणं दिवसभरात काय काय करतं त्याची नोंद आपोआप होते. त्या नोंदीत एक पिवळी ओळ आली. संपर्क झाला, उजवं मनगट, मर्यादेच्या आत. मी ती वाचली. मर्यादेच्या आत आहे म्हटल्यावर उठून बघायला जायचं काही कारण मला दिसलं नाही. चहा संपवला आणि दुसरं काम उघडलं.

संध्याकाळी घरी गेलो तर वहिनी भाकरी थापत होत्या, डाव्या हातानं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची भाकरी मी वाकडी बघितली. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटलेली. भाऊ गप्प बसून खात होता, त्याला वाटलं पीठ बिघडलंय. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, कळशी उचलताना मनगट लचकलं. मी मनगटावरचा पदर बाजूला करायला सांगितला. मनगट सुजून बांगड्या कातडीत रुतल्या होत्या आणि खाली काळंनिळं पडलं होतं. त्यात मधोमध एक सरळ रेघ उठली होती, ओतीव कामाची कड जशी असते तशी. तेव्हा मला पिवळी ओळ आठवली आणि मी ताट बाजूला सारलं.

खोदून विचारल्यावर वहिनींकडून कळलं ते असं. वहिनी एक कड घासत होत्या, घासता घासता आतल्या कोपऱ्यात हात घातला, तेवढ्यात पावण्यानं काम फिरवलं. मनगट कामाची कड आणि टेबल यांच्यामध्ये सापडलं. पावण्याला ते जाणवलं. त्यानं आपल्याजवळचा आकडा बघितला, या मनगटाला इतकं सोसतं असं त्यात लिहिलं होतं, म्हणून तो तितकं दाबूनच थांबला आणि मागं सरला. मोजताना टोक रबराचं होतं, इथं कड लोखंडाची होती, तीही बर असलेली. हा फरक आम्ही तिघांनी, मी, सल्लागार आणि मॅनेजरनं, मनावर घेतला नव्हता. वहिनींनी हात झटकला, पदरानं पुसला आणि सुटी होईपर्यंत काम केलं. शेजारच्या बाईला सुद्धा सांगितलं नाही.

दवाखान्यात फोटो काढला, हाडाला चीर गेली होती. प्लास्टर घालायला बांगड्या काढाव्या लागल्या. सुजेमुळं निघेनात, मग नर्सनं पक्कडीनं एकेक फोडली. वहिनींनी तोंड फिरवलं. हाड मोडलेलं सोसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत बांगड्या फुटताना पाणी आलं. येताना रिक्षात त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, की आता माझ्या जागेवर दुसरी कुणी ठेवतील का. 

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांच्यापुढं नोंदीचा कागद होता. यंत्राची चूक नाही, म्हणाले. आकडा कुणी दिला? त्या बाईनंच दिला. यंत्रानं त्याच्यापेक्षा एका काट्यानंही जास्त दाबलेलं नाही. मग हा अपघात होतच नाही आणि पाटीवरचा आकडा पुसायचं कारण नाही. सुटीचा निरोप धाडताना बाईनं स्वतःच सांगितलंय की कळशी उचलताना हात लचकला, तसंच लिहून टाक.

"पण साहेब, तो आकडा खोटा होता," मी म्हणालो.

"मग खोटं कोण बोललं? मशीन बोललं का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. केबिनमधलं कपाट उघडलं, दाबाचं यंत्र काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हणालो, साहेब, तुमचा हात द्या. ते हसले. शेवटी ते पण इथलेच, मागं कसे सरतील? दारात अकाउंटचे दोघं येऊन उभे राहिले होते. साहेबांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडली, घड्याळ काढून ठेवलं आणि मनगट टेबलावर ठेवलं. मी टोक टेकवलं आणि दाबायला लागलो. बायकांना दाबलं होतं तितक्याच सावकाश.

"बास," साहेब म्हणाले. मी लगेच थांबलो नाही. "बास म्हणतोय ना," ते ओरडले आणि हात ओढून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आकडा वहिनींच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी होता. मी तो त्यांच्याच पेननं नोंदीच्या कागदावर लिहिला आणि म्हणालो की कारखान्यात खरं बोलणारा माणूस मला एकच सापडलाय, आजपासून मशीन या आकड्यावर चालणार.

साहेब लाल झाले. मनगट चोळत म्हणाले, तुझ्या घरची बाई आहे म्हणून हा तमाशा. दुसऱ्या कुणाचा हात सापडला असता तर तू चहा पीत बसला असतास.

ते खोटं नव्हतं, मी चहा पीतच बसलो होतो. मी केबिनमधून बाहेर आलो आणि मागच्या सगळ्या नोंदी उघडल्या. वेग वाढवल्या दिवसापासून एकेक पान वर सरकवत गेलो. पिवळ्या ओळी सापडत गेल्या. डावा तळवा, मर्यादेच्या आत. उजवं बोट, मर्यादेच्या आत. कोपर, मर्यादेच्या आत. वहिनींची सोडून अकरा ओळी होत्या. यंत्र नाव लिहीत नाही, फक्त अवयव लिहितं. त्या अकरा वेळा कुणाचं काय सापडलं होतं मला माहीत नाही. कुणी बोललं नव्हतं. त्यांतली एकही ओळ वाचून मी जागचा उठलो नव्हतो. मॅनेजरवर मी चिडलो होतो त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडलो, आणि तो राग काही केल्या उतरेना. आजही उतरलेला नाही, म्हणून तर हे लिहितोय.

साहेबांचा आकडा एकट्या मनगटाचा होता, म्हणून त्या दिवशी मी हाताचा वेग सरळ मुळातल्या परदेशी आकड्यांवर खाली आणला. साहेबांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला काढून टाकतील असं वाटत होतं, पण माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी जवळ आली होती आणि रोबोटची कागदपत्रं माझ्याशिवाय कुणाला उमगत नव्हती. सल्लागाराला फोन केला तर तो म्हणाला, शंका असेल तर मापं परत घ्या. त्याचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. साहेबांनी कुरकुर करत परवानगी दिली, आणि वहिनींची जागा तोवर रिकामी ठेवायचीही कबुली दिली. ती कबुली त्यांनी मला दिली की त्यांचा आकडा लिहिलेल्या त्या नोंदीच्या कागदाला, ते मी विचारलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर वहिनी कामावर आल्या. भावानं नको म्हटलं, मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. नव्या बांगड्या भरल्या होत्या, पण उजव्या हातात कमी. मापं मी मुद्दाम त्या आल्यावर घ्यायची ठरवली होती. या खेपेला फळा नव्हता. बायका डबा खातात त्या खोलीत मी यंत्र घेऊन गेलो, सुपरवायझरला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. सांगितलं की मागच्या वेळी माझं चुकलं, ही परीक्षा नाही, इथं कुणी नापास होत नाही. जरा दुखलं की बास म्हणायचं, एवढंच.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या बाईच्या मनगटावर टोक टेकवलं, दाबलं, दाबलं, ती भिंतीकडं बघत राहिली. दुसरीचं तेच. तिसरी वयानं सगळ्यांत मोठी, तिच्या तळव्यावर कानशीचे घट्टे पडलेले. तिला विचारलं, मावशी, दुखत नाही का? तर म्हणाली, दुखतंय की, पर हे तर रोजचं हाय, ह्याला काय दुखणं म्हणायचं?

माझा तोल गेला. मी ओरडलो. तोंड आहे ना तुम्हाला, मग उघडत का नाही, मुकी जनावरं आहात का, असलं काहीबाही बोललो. ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते वरच्या केबिनमध्ये गार हवेत बसले होते आणि मी या नऊ बायकांवर ओरडत होतो.  डब्याची झाकणं लावायचा आवाज तेवढा येत होता.

वहिनी उठल्या. माझ्यापुढच्या स्टुलावर येऊन बसल्या, मांडी घालून.

"भावजी, वरडू नका," त्या म्हणाल्या. "दुखलं की थांबायचं असतंय, हे आमाला कुणी कधी सांगितलंय? माहेरी न्हाय सांगितलं, सासरी न्हाय सांगितलं. हितं तर न्हायच न्हाय. आज तुमी पयल्यांदा सांगालाय. मग येळ लागंल की न्हाय?"

 त्यांनी उजवं मनगट पुढं केलं, तेच, चीर गेलेलं. प्लास्टरखाली राहून कातडी फिकी झाली होती. मी यंत्र उचललं.  टोक मनगटाच्या जवळ नेलं, अजून टेकलंही नव्हतं, बोटभर अंतर होतं.

"बास," वहिनी म्हणाल्या.

मी थांबलो. खिडकीत शून्य होतं. शेजारची एक बाई हसली, मग दुसरी. वहिनी हसत नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या, मी काय लिहितोय ते बघायला. मी शून्य लिहिलं. त्यानंतर मघाच्या तिघी परत आल्या आणि राहिलेल्या पाच आल्या, आणि टोक टेकायच्या आत एकेक जण बास म्हणाली. मावशींनी तर यंत्र उचलायच्या आधीच म्हटलं. मी सगळ्यांपुढं शून्य लिहिलं. हे शास्त्राला धरून नव्हतं, मान्य आहे. पण पहिले आकडे शास्त्राला धरून होते म्हणून त्यावर पुण्याच्या माणसानं सही केली होती, आणि त्यांनी हाड चिरलं होतं.

करड्या माणसाच्या खिडकीत शून्य भरता येत नाही, तसं केलं की लाल अक्षरात चूक दाखवतं. म्हणून मी दुसरा पर्याय निवडला, जो आधीपासून तिथं होता आणि वेग कमी होतो म्हणून आम्ही कधी उघडला नव्हता. त्यात यंत्रानं माणसाला शिवायचंच नसतं. माणसाचा हात जवळ आला की वीतभर आधी थांबायचं, आणि तो बाजूला झाला की मगच हलायचं. आता पावणं दिवसातून शंभर वेळा थांबतं. साहेब वरच्या काचेतून बघतात आणि कपाळावर हात मारून घेतात. तपासणीला आलेल्या लोकांना मी पिवळ्या ओळींचे कागदही दाखवले. त्यांनी थांबणाऱ्या हाताचीच बाजू घेतली, म्हणून माझी नोकरी टिकली. पाटीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

पाटी मात्र माझ्या डोळ्यांत सलत राहिली. बायकांनी बास म्हटलं त्याच संध्याकाळी बाहेर पडताना मी ओल्या फडक्यानं तिच्यावरचा आकडा पुसला आणि शून्य लिहिलं. वॉचमन बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर जुनाच आकडा होता, त्यात एक वाढवलेला. साहेबांचा हुकूम, वॉचमन म्हणाला. मी परत पुसला. तिसऱ्या दिवशी परत आकडा हजर, आणखी एकानं वाढलेला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की पाटीला हात लावलास तर लेखी देईन. मी म्हणालो, द्या.

चौथ्या दिवशी माझी गाडी उशिरा आली. फाटकातून आत आलो तर पाटीपुढं बायका उभ्या होत्या, डब्याच्या पिशव्या हातात घेऊन. पाटी कुणी तरी स्वच्छ पुसली होती. वहिनी चवड्यांवर उभ्या राहून उजव्या हातानं खडू धरून वर शून्य काढत होत्या. एवढ्या उंच हात धरला की त्यांचं मनगट अजून भरून येतं. अर्धा गोल झाला आणि त्यांनी हात खाली घेतला.

"बास. दुखाय लागलं," त्या म्हणाल्या, आणि खडू माझ्या हातात दिला. राहिलेलं अर्धं शून्य मी काढलं.